‘नाही, अध्यक्ष महोदय’ : मॅनिटोबा विधानसभा, १२ जून १९९०

विधानसभेच्या गॅलरीत पहिल्यांदाच बसणाऱ्याला एका गोष्टीचं नवल वाटतं. तिथलं पुष्कळसं काम कोणी काही न बोलल्यामुळे होतं. अध्यक्ष विचारतात, "सभागृहाची अनुमती आहे?" समोर कोणी कागद चाळत असतो, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजत असतो. दोन क्षण जातात आणि अनुमती मिळालेली असते. आपल्याकडेही "होयचे बहुमत, होयचे बहुमत" हे शब्द इतक्या सवयीने उच्चारले जातात की ‘होय’ नेमकं कोण म्हणालं हे नवख्याला कळतही नाही. एखादा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवायचा असला की सगळीच सभागृहं या गप्प बसण्यावर विसंबतात.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत १२ जून १९९० रोजी, मंगळवारी, असंच विचारलं गेलं. त्या दिवशी एक सदस्य गप्प बसला नाही. अकरा दिवसांनी तीन वर्षं चाललेली घटनादुरुस्ती बारगळली. पंतप्रधान, दहा प्रांतांचे प्रीमियर आणि घटनातज्ज्ञांची फौज जिच्या मागे उभी होती, तीच ही मीच लेक कराराची दुरुस्ती. ‘एका माणसाने देश थांबवला’ अशी ही गोष्ट सांगितली जाते. ऐकायला ती छान वाटते, पण मला ती अर्धवट वाटते. इलायजा हार्पर या आमदाराच्या हातात कुठलाही नकाराधिकार नव्हता. दोन दिवसांच्या नोटिशीचा एक साधा नियम त्यांच्या हातात होता आणि समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्या नियमाला धार कशी आली, हे या प्रकरणात बघायचं आहे.

गाठोडं कसं बांधलं गेलं

१९८२ पर्यंत कॅनडाची घटना बदलायची तर ब्रिटिश संसदेकडे जावं लागे. त्या वर्षी घटना मायदेशी आली, तिला हक्कांची सनद जोडली गेली, पण फ्रेंच भाषकांच्या क्वेबेक प्रांताच्या सरकारने तिला मान्यता दिली नाही. कायदा क्वेबेकलाही लागू झाला, सही मात्र नव्हती. घरातल्या मोठ्या भावाने वाटणीच्या कागदावर सही न करता त्याच घरात राहावं, तसं ते झालं. रोजचं सगळं चालू असतं आणि सणासुदीला विषय निघतोच.

ब्रायन मलरोनी पंतप्रधान झाल्यावर त्यांनी ही सही मिळवायचं मनावर घेतलं. ३० एप्रिल १९८७ रोजी राजधानी ऑटवाजवळच्या मीच लेक या तळ्याकाठच्या एका घरात दहाही प्रीमियर जमले (प्रीमियर म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच) आणि एकमत झालं. मसुदा जूनच्या सुरुवातीला पक्का झाला. क्वेबेक हा ‘वेगळा समाज’ आहे याची घटनेत नोंद, घटनेतल्या मोठ्या बदलांवर नकाराधिकार, सर्वोच्च न्यायालयात क्वेबेकचे तीन न्यायाधीश, स्थलांतराच्या धोरणात वाटा, आणि केंद्राची खर्चिक योजना नको असेल तर तिच्याबाहेर राहून भरपाई घेण्याची मुभा, असा साधारण ऐवज होता. नकाराधिकार आणि इतर काही गोष्टी मग इतर प्रांतांनाही देऊ केल्या गेल्या. प्रीमियर मंडळी एवढ्या लवकर राजी कशी झाली, याचं निम्मं उत्तर यातच आहे.

आता तांत्रिक भाग, जो न समजता पुढे गेलं तर १२ जूनचा अर्थच लागत नाही. कॅनडाच्या घटनेत दुरुस्तीच्या अनेक वाटा आहेत. बहुतेक बदलांना संसद आणि सात प्रांत पुरतात, मात्र त्या सात प्रांतांत देशाची निम्मी लोकसंख्या असावी लागते. या वाटेने जाणाऱ्या दुरुस्तीला पहिल्या मंजुरीपासून तीन वर्षांची मुदत असते. काही बदलांना मात्र संसद आणि दहाच्या दहा प्रांत लागतात. त्या वाटेला मुदत नाही. मीच लेकच्या कराराने दोन्ही प्रकारचे बदल एकाच गाठोड्यात बांधले. त्यामुळे पहिल्या वाटेची मुदतही लागू झाली आणि दुसऱ्या वाटेचं एकमतही. क्वेबेकच्या विधानसभेने २३ जून १९८७ ला ठराव मंजूर केला आणि घड्याळ सुरू झालं. २३ जून १९९० पर्यंत दहाही विधानसभांनी शब्दशः तोच ठराव मंजूर करायचा होता.

आपल्याकडची सवय वेगळी असल्यामुळे यातला ताण चटकन जाणवत नाही. अनुच्छेद ३६८ प्रमाणे राज्यांची संमती लागते तिथे निम्मी राज्यं पुरतात. जीएसटीच्या घटनादुरुस्तीला महाराष्ट्र विधिमंडळाने २९ ऑगस्ट २०१६ च्या विशेष अधिवेशनात संमती दिली, तेव्हा एखाद्या राज्याने पाठ फिरवली असती तरी काही अडलं नसतं. मीच लेकमध्ये एकही प्रांत गळून चालणार नव्हता. गाठ अशी बांधली की धागा कुठेही तुटला तरी सगळं सुटावं.

मॅनिटोबा शेवटपर्यंत का थांबला

१९८७ मध्ये मॅनिटोबाच्या वतीने सही करणारे प्रीमियर हॉवर्ड पॉली यांचं सरकार मार्च १९८८ मध्ये कोसळलं. त्यांच्याच पक्षाच्या एका आमदाराने अर्थसंकल्पाविरुद्ध मत दिलं होतं. निवडणुकीत गॅरी फिल्मन यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष पुढे आला, पण अल्पमतात : ५७ पैकी २५. लिबरल २० आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे एनडीपी, १२. लिबरल नेत्या शॅरन कार्स्टेअर्स मीच लेकच्या कडव्या विरोधक होत्या.

फिल्मन यांनी डिसेंबर १९८८ मध्ये ठराव मांडला आणि काही दिवसांतच मागे घेतला. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकमधला फक्त फ्रेंच पाट्यांचा कायदा रद्द केला होता, आणि अशा निकालाला वळसा घालू देणारं घटनेतलं अपवादाचं कलम वापरून क्वेबेक सरकारने दुकानांबाहेर फ्रेंच पाट्याच ठेवल्या होत्या. पाट्यांच्या भाषेवरून माणसं किती तापतात, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. मॅनिटोबाच्या इंग्रजी भाषकांना त्यात ‘वेगळा समाज’ म्हणजे काय याची चुणूक दिसली. पुढे एका समितीने प्रांतभर फिरून लोकांचं म्हणणं ऐकलं आणि करारात बदल सुचवले.

दरम्यान न्यू ब्रन्सविकमध्ये सत्तापालट झाला होता, आणि न्यूफाउंडलंडमध्ये निवडून आलेल्या क्लाइड वेल्स यांनी आधी दिलेली मंजुरी एप्रिल १९९० मध्ये परत घेतली. मुदत तोंडावर आली तेव्हा तीन प्रांत बाकी होते.

३ जून १९९० ला मलरोनींनी सगळ्या प्रीमियरना ऑटवाला जेवायला बोलावलं. ते जेवण सात दिवस चाललं असं म्हणायला हरकत नाही. बंद दाराआड रात्री-बेरात्रीपर्यंत बोलणी चालली. फिल्मन यांनी एनडीपीचे नेते गॅरी डोअर आणि कार्स्टेअर्स या दोन्ही विरोधी नेत्यांना सोबत नेलं होतं, कारण अल्पमतातल्या सरकारला त्यांच्याशिवाय ठराव पार करता आला नसता. ९ जूनला, शनिवारी, अखेर समझोता झाला. करार जसा आहे तसा मंजूर करायचा, इतर दुरुस्त्या नंतर बघू. फिल्मन, डोअर आणि कार्स्टेअर्स या तिघांनीही आपापली नाराजी गिळून मान डोलावली. वेल्स यांनी आपल्या विधानसभेपुढे ठराव ठेवण्याचंच काय ते आश्वासन दिलं.

एवढ्या उशिरा बैठक का घेतली? याचं उत्तर पंतप्रधानांनीच दिलं, आणि तेही १२ जूनच्याच सकाळी ‘ग्लोब अँड मेल’ मध्ये छापून आलं. बैठकीची वेळ आपण ठरवून शेवटची ठेवली होती, फासे कधी टाकायचे ते आधीच पक्कं केलं होतं, अशा अर्थाचं ते बोलले होते. फासे हा शब्द आपल्याकडे द्यूतसभेशिवाय आठवतच नाही, आणि पणाला कोण लागतं तेही माहीत असतं. मॅनिटोबातल्या लोकांना ते वाचून आपल्याला कोंडीत धरल्यासारखं वाटलं. डावपेच म्हणून मुदतीचा दबाव वापरणं नवं नाही. पण ज्याच्या हातून काम करून घ्यायचं आहे त्याच्याच हातात वेळ उरली नाही, तर दबाव उलटतो. इथे नेमकं तेच झालं.

हिशेब दिवसांचा

शनिवारी ९ तारखेला समझोता. पुढच्या पुढच्या शनिवारी, २३ तारखेला, मुदत संपणार. मधले रविवार आणि शनिवार सोडले तर विधानसभेचे दहा दिवस. एवढ्यात मॅनिटोबाला काय काय करायचं होतं? ठरावाची नोटीस द्यायची, ती दोन दिवस पिकू द्यायची. मग चर्चा, ज्यात ५७ पैकी कोणालाही बोलता येणार. मग ठराव समितीकडे, कारण घटनादुरुस्तीवर जनसुनावणी घेण्याचं बंधन तिथल्या नियमांत होतं, आणि बोलण्यासाठी नावं नोंदवणाऱ्यांची संख्या हजारांत गेली. मग ठराव परत सभागृहात, आणि मतदान.

प्रत्येक पायरी कायदेशीर, प्रत्येक पायरीला वेळ. सगळं सुरळीत झालं असतं तरी शेवटी ओढाताण होणारच होती. म्हणूनच सरकारला पहिले दोन दिवस वाचवायचे होते. सभागृहाने एकमताने अनुमती दिली तर नोटिशीची अट बाजूला ठेवता येते. तिन्ही नेते तयार होते. अनुमती ही औपचारिकताच उरली होती.

मंगळवार

विनिपेगमधली विधानसभेची इमारत १९२० मध्ये सुरू झाली. टिंडल नावाच्या चुनखडीचा तो दगड इतका जुना आहे की भिंतीत समुद्री जीवांचे जीवाश्म सहज दिसतात. घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा, जिन्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण आकाराचे दोन बायसन. सभागृहात सदस्यांची बाकं घोड्याच्या नालासारखी गोलाकार मांडलेली. सोमवार ते गुरुवार कामकाज दुपारी दीड वाजता सुरू होई, शुक्रवारी सकाळी दहाला, आणि शुक्रवारी साडेबाराला संपे. हा शुक्रवारचा साडेबाराचा काटा लक्षात ठेवावा, तो पुढे येणार आहे.

प्रार्थना, निवेदनं, प्रश्नोत्तरं हा रोजचा क्रम. त्या दिवशी फिल्मन यांनी नोटिशीशिवाय ठराव मांडण्याची अनुमती मागितली. अध्यक्ष डेनिस रोकान यांनी सभागृहाला विचारलं. तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या बाकांवरून उत्तर आलं : "नाही, अध्यक्ष महोदय."

भाषण झालं नाही, घोषणा झाली नाही, कोणी कागद भिरकावले नाहीत. अनुमती नाकारताना कारण द्यावं लागत नाही. एकमताची अट असते तिथे एक नकार पुरतो. अध्यक्षांनी अनुमती नसल्याचं जाहीर केलं आणि पुढचा विषय घेतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवसांच्या छायाचित्रांत हार्पर यांच्या हातात गरुडाचं एक पीस दिसतं. ते त्यांच्या भावाने दिलं होतं. शांतपणे बसलेला, लांब केस मागे बांधलेला, पीस हातात धरलेला हा माणूस पुढे अनेक भिंतींवर चित्ररूपाने लटकला. चित्राला महत्त्व आहे, मी नाकारत नाही. पण चित्रात नियमावली दिसत नाही.

हा सदस्य कोण होता

हार्पर यांचा जन्म १९४९ चा, मॅनिटोबाच्या ईशान्येला असलेल्या रेड सकर लेक या वस्तीतला. ते ओजी-क्री या आदिवासी समाजातले. लहानपणी त्यांना निवासी शाळांत पाठवलं गेलं. आदिवासी मुलांची भाषा, चालीरीती, आईबाप सगळं सोडवून त्यांना ‘सुधारण्यासाठी’ उभारलेल्या त्या शाळा. मॅनिटोबात करारबद्ध आदिवासींना (म्हणजे ज्यांच्या जमातींनी राजसत्तेशी करार केले होते त्यांना) प्रांताच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क १९५२ मध्ये मिळाला आणि देशाच्या निवडणुकीत १९६० मध्ये. म्हणजे हार्पर अकरा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या आईवडिलांना कॅनडाच्या पंतप्रधानासाठी मत देता येत नव्हतं. तिशीच्या आतच ते वस्तीचे प्रमुख झाले, १९८१ मध्ये एनडीपीतर्फे आमदार. मॅनिटोबा विधानसभेत निवडून आलेले ते पहिले करारबद्ध आदिवासी. पॉली सरकारात मंत्रीही होते. म्हणजे १२ जूनला बोललेला माणूस सभागृहात नवखा नव्हता. नऊ वर्षं तो त्याच बाकांवर बसला होता.

त्यांच्या मतदारसंघाचं नाव होतं रूपर्ट्सलँड. १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाने हडसन खाडीत येऊन मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचं खोरं हडसन्स बे या व्यापारी कंपनीला देऊन टाकलं आणि राजपुत्र रूपर्ट हा कंपनीचा पहिला गव्हर्नर, म्हणून प्रदेशाला त्याचं नाव. दोनशे वर्षांनी, १८७० मध्ये, तोच प्रदेश कॅनडाकडे गेला. दोन्ही वेळेला तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. आणि आता त्या नावाच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला, नियमाने का होईना, विचारावं लागलं होतं.

नकारामागची तक्रार समजून घ्यायला फार मागे जावं लागत नाही. १९८२ च्या घटनेत आदिवासींचे हक्क मान्य झाले, पण त्यांची व्याप्ती ठरवायची बाकी होती. त्यासाठी १९८३ ते १९८७ या काळात पंतप्रधान, प्रीमियर आणि आदिवासी नेते यांच्या चार परिषदा झाल्या. स्वशासनाच्या मुद्द्यावर शेवटची परिषद मार्च १९८७ मध्ये फिसकटली. स्वशासन म्हणजे नेमकं काय ते आधी लिहून द्या, संदिग्ध शब्द घटनेत घालता येत नाहीत, असं काही प्रीमियरचं म्हणणं. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी तेच प्रीमियर मीच लेकला जमले आणि ‘वेगळा समाज’ हा शब्दप्रयोग त्यांनी व्याख्या न करता घटनेत घालायचं ठरवलं. आदिवासी नेत्यांना डाचलं ते हे. क्वेबेकला वेगळं म्हणण्याला त्यांचा आक्षेप नव्हता, असं ते वारंवार सांगत. इंग्रज आणि फ्रेंच हे दोन संस्थापक समाज, ही मांडणी त्यांना बोचत होती. त्यांच्या आधी तिथे कोणीच नव्हतं की काय?

शिवाय नवे प्रांत करायला दहाही प्रांतांची संमती लागेल, अशी तरतूद करारात होती. उत्तरेकडच्या ज्या प्रदेशांत आदिवासी मोठ्या संख्येने राहतात, त्यांचा प्रांत होण्याचा रस्ता त्यामुळे जवळपास बंद होणार होता.

नकाराच्या मागची माणसं

‘एकटा हार्पर’ ही कल्पना इथे गळून पडते. मॅनिटोबातल्या आदिवासी प्रमुखांची सभा, तिचे नेते फिल फॉन्टेन, कायदा शिकलेले ओव्हिड मर्क्रेडी, सगळे रोज एकत्र बसून पुढची चाल ठरवत होते. आणि त्या खोलीत आणखी एक माणूस होता ज्याचं नाव सहसा कोणी घेत नाही : गॉर्ड मॅकिंटॉश. हे विधानसभेच्या सचिवालयातले माजी उपसचिव. सभागृहाचे नियम आणि त्यांतल्या खाचाखोचा त्यांना तोंडपाठ होत्या. नियमावली लिहिणारे आणि वापरणारे वेगळे असतात, पण तिच्यातली कुठली फळी खिळखिळी आहे हे टेबलाशी बसून वर्षानुवर्षं कामकाज चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं. मंत्रालयात एखाद्या जुन्या कक्ष अधिकाऱ्याला विचारून बघा.

याचं फळ लगेच दिसलं. अनुमती नाकारली गेली तरी सरकारला तसा धोका नव्हता, दोन दिवस गेले असते एवढंच. पण नोटीसच नियमाप्रमाणे दिलेली नाही, असा हरकतीचा मुद्दा आला. अध्यक्ष रोकान सत्ताधारी पक्षाचे, तरी त्यांनी मुद्दा तपासला आणि मान्य केला. सरकारला नव्याने नोटीस द्यावी लागली आणि ठरावावरची चर्चा २० जूनपर्यंत सुरूच होऊ शकली नाही. पहिल्या दिवशी दोन दिवस वाचवायला गेलेल्या सरकारने आठवडा गमावला.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत कमी चर्चिलेला माणूस हा अध्यक्षच. पंतप्रधान कार्यालयापासून स्वतःच्या पक्षापर्यंत सगळ्यांना ठराव हवा होता, राष्ट्रीय वाहिन्यांचे कॅमेरे डोक्यावर होते, आणि तरीही त्यांनी नोटीस सदोष आहे असं सांगितलं. आपल्याकडे अध्यक्षांच्या निर्णयांचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यावर भाष्याची गरज नाही.

दुसरा आठवडा

१५ जूनला न्यू ब्रन्सविकने करार मंजूर केला. उरले दोन. सोमवारी, १८ जूनला, मलरोनी सरकारचे प्रतिनिधी सहा कलमी प्रस्ताव घेऊन विनिपेगला आले. त्यात आदिवासी प्रश्नांवर शाही आयोग, म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग, वगैरे आश्वासनं होती. प्रमुखांनी प्रस्ताव नाकारला. आधी करार मंजूर करा, मग तुमचं बघू, हे त्यांनी याआधीही पुष्कळदा ऐकलं होतं.

विधानसभेच्या हिरवळीवर लोक जमत होते. उत्तरेकडच्या दूरच्या वस्त्यांतून आलेले म्हातारे, पोरं, ढोल. त्यांत इंग्रजी भाषक गोरे लोकही होते, आणि इथे जरा थांबायला हवं. मीच लेकला विरोध करणाऱ्या अनेकांना आदिवासींच्या हक्कांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना क्वेबेकला काही मिळू नये एवढंच हवं होतं. हार्पर यांच्या नकाराने त्यांची सोय झाली. जे स्वतः बोलायला संकोचले असते ते दुसऱ्याच्या तोंडून वदवलं गेलं. क्वेबेकमध्ये हे नेमकं तसंच वाचलं गेलं : इंग्रज कॅनडाने आदिवासीला पुढे केलं. हे वाचन हार्पर यांच्यावर अन्यायच करतं, पण ते अगदीच हवेतून आलेलं नव्हतं.

नियमांना वळसा घालता आला असता का? आला असता, असं मला वाटतं. तिन्ही पक्षांचं नेतृत्व एकत्र असताना बहुमताच्या जोरावर चर्चा आवरती घेणं, सुनावणीची अट बाजूला सारणं, यासाठी काही तरी वाट काढता आली असती. सरकारने ती काढली नाही. फिल्मन यांचा करारावर मनापासून जीव होता असं कोणी म्हणणार नाही. कार्स्टेअर्स आणि डोअर यांचाही नव्हता. डोअर यांनी स्वतः समझोत्याला होकार दिलेला असूनही आपल्या आमदाराला गप्प बसवलं नाही. म्हणजे ‘नाही’ एकानेच म्हटलं, पण ते ऐकून हायसं वाटलेली माणसं बरीच असावीत. एका सदस्याच्या नकाराला बळ येतं ते बाकीचे छप्पन्न जण नियम पाळायचं ठरवतात तेव्हा.

२२ जून, शुक्रवार. सभागृह सकाळी दहाला बसलं. साडेबाराच्या पुढे कामकाज चालवायचं तर पुन्हा एकमताची अनुमती लागणार होती. ती मागितली गेली. हार्पर यांनी शेवटचं ‘नाही’ म्हटलं. साडेबाराला सभागृह तहकूब झालं, ठरावावर मतदान न होता.

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंडमध्ये तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिकडच्या विधानसभेसमोर मलरोनी आदल्याच दिवशी स्वतः भाषण करून आले होते. आता केंद्रीय मंत्री लोवेल मरे यांनी नवी शक्कल काढली : न्यूफाउंडलंडने आज मंजुरी दिली तर मॅनिटोबासाठी मुदत वाढवता येते का, हे सर्वोच्च न्यायालयाला विचारू. क्वेबेकनंतर मंजुरी देणाऱ्या सॅस्काचेवानच्या तारखेपासून, म्हणजे २३ सप्टेंबर १९८७ पासून, तीन वर्षं मोजायची असा तो हिशेब होता. वेल्स संतापले. मुदत वाढू शकत होती तर इतके दिवस तलवार कशाला टांगून ठेवली होती? मतदान न घेताच त्यांनी सभागृह तहकूब केलं. हार्पर एकटे नव्हते हे दाखवायला एवढाही पुरावा पुरे, पण शेवटच्या दिवसाची ही दुसरी बाजू कॅनडाबाहेर फारशी कोणाला माहीत नसते.

त्यानंतर

क्वेबेकमध्ये ही गोष्ट नकार म्हणून पोचली. मे महिन्यातच मलरोनींचं मंत्रिमंडळ सोडून गेलेल्या ल्युसियाँ बुशार यांच्या ब्लॉक केबेक्वा या क्वेबेकच्या स्वातंत्र्यवादी पक्षाने १९९३ च्या निवडणुकीत ५४ जागा जिंकल्या, आणि सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष दोन जागांवर आला. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात क्वेबेकने कॅनडात राहायचं ठरवलं, ५०.५८ टक्क्यांनी.

मीच लेक बुडाल्यावर तीन आठवडे होण्याआधीच, ११ जुलै १९९० ला, क्वेबेकमधल्या ओका गावात मोहॉक आदिवासींच्या स्मशानभूमीलगतच्या जमिनीवर गोल्फचं मैदान वाढवण्यावरून पोलिसांशी चकमक झाली. नाकेबंदी ७८ दिवस चालली, सैन्य आलं. आदिवासी प्रश्नांवरचा शाही आयोग त्यानंतर १९९१ मध्ये खरोखरच नेमला गेला. विनिपेगला आणलेल्या सहा कलमांतलं ते आश्वासन करार नसतानाही पूर्ण झालं. १९९२ च्या शार्लटटाउन करारात, म्हणजे घटनादुरुस्तीच्या पुढच्या प्रयत्नात, तर आदिवासींच्या स्वशासनाचा हक्क लिहिलेला होता. त्यालाही हार्पर यांनी विरोध केला आणि सार्वमतात तो करार पडला. त्यांच्या चाहत्यांची इथे पंचाईत होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. पाच वर्षांत कागदावरचे शब्द त्यांनी इतके पाहिले होते की चांगल्या शब्दांवरही त्यांचा भरवसा राहिला नसेल, एवढंच म्हणता येईल.

फिल्मन यांनी सप्टेंबर १९९० मध्ये निवडणूक घेतली आणि ३० जागांचं साधं बहुमत मिळवलं. डोअर यांचा पक्ष १२ वरून २० वर गेला. मॅकिंटॉश पुढे स्वतः आमदार झाले आणि प्रांताचे न्यायमंत्रीही. हार्पर १९९३ मध्ये लिबरल म्हणून संसदेत गेले. १७ मे २०१३ ला ते वारले, तेव्हा त्यांचं पार्थिव त्याच इमारतीत, घुमटाखालच्या दालनात, लोकांना अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. रूपर्ट्सलँड हा मतदारसंघ तोवर राहिला नव्हता. २०११ च्या निवडणुकीपासून त्याचा बहुतेक भाग किवाटिनूक या नावाने ओळखला जातो. क्री भाषेत त्याचा अर्थ ‘उत्तरेकडून’.